यूक्यू, एफके आणि म्हशीचं दूध

आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संस्थांमध्ये चालतं. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालायला येतात, वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घन भाग) लागतं, त्यावरून दर ठरतो, पावती हातात पडते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. या सगळ्याच्या बुडाशी जो डेटाबेस आहे तो पुण्यात बसून सांभाळणं हे माझं काम. त्यातला एक भाग असा आहे की त्याबद्दल बोलायला लागले की डेव्हलपर मंडळीही मोबाइल काढतात. तो म्हणजे इंडेक्स आणि कन्स्ट्रेंट यांची नावं. टेबलाला नाव लागतं, कॉलमला लागतं, हे सगळ्यांना पटतं. पण टेबलावर घातलेल्या नियमालाही स्वतःचं नाव असतं आणि ते कुणीतरी ठेवावं लागतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. आपण नाही ठेवलं तर डेटाबेस स्वतःच ठेवतो. काम त्या दिवशी अडत नाही. अडतं ते पुढे, तो नियम बदलायची वेळ येते तेव्हा.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कन्स्ट्रेंट म्हणजे डेटाबेसला घालून दिलेली अट: ही किंमत दुबार चालणार नाही (युनिक), ही किंमत त्या दुसऱ्या टेबलात असलीच पाहिजे (फॉरेन की), हा आकडा अमुक मर्यादेतच हवा (चेक). इंडेक्स म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची. आणि मायग्रेशन म्हणजे डेटाबेसच्या रचनेत करायचा बदल लिहून ठेवलेली फाइल. ती फाइल आम्ही ऑफिसात एकदा लिहितो आणि ती जिथे जिथे आमचं सॉफ्टवेअर आहे तिथे तिथे, आमच्या पाठीमागे, जशीच्या तशी चालते. ‘जशीच्या तशी’ या शब्दांत सगळी मेख आहे.

आमचं जुनं उत्पादन एसक्यूएल सर्व्हरवर होतं आणि प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या मशीनवर बसवलेलं होतं. दूधनोंदीचं टेबल माझ्या आधीच्या लोकांनी बांधलेलं. त्यावर एक चोख नियम होता: एक सभासद, एक तारीख, एक सत्र, नोंद एकच. दुबार नोंद म्हणजे दुबार पैसे, त्यामुळे नियम हवाच. पण तो फक्त गाईचं दूध घेणाऱ्या संस्थांवर बेतलेला होता. कोल्हापूर-सांगलीकडे काम वाढलं तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. एकाच घरात दोन गाई आणि एक म्हैस, आणि सकाळी दोन वेगळ्या किटल्या घेऊन माणूस संस्थेत हजर. दोन्ही दुधांचे दर वेगळे, कारण मोजायचा पायाच वेगळा: गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीला ६.० आणि ९.०. दोन्ही एकत्र नोंदवायची सोय नाही, आणि वेगळी नोंदवायला गेलं की दुसरी नोंद डेटाबेस परत पाठवणार. पडद्यावर इंग्रजीत लांबलचक वाक्य यायचं. एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला, ‘‘ताई, मशीन म्हशीचं दूध घेत नाही म्हणतंय. आणि हे यूक्यू काय असतंय?’’

यूक्यू म्हणजे युनिक. त्या एररमध्ये जे नाव येत होतं ते सुरुवातीला यूक्यू, मग दोन अंडरस्कोर, मग टेबलच्या नावाची कापलेली पहिली काही अक्षरं, आणि शेवटी आकडे-अक्षरांची एक लांब शेपटी असं होतं. टेबल बांधताना नियम लिहिला होता, नाव लिहिलं नव्हतं. अशा वेळी एसक्यूएल सर्व्हर ही शेपटी लावून नाव पाडतो, आणि ती शेपटी प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळी निघते.

दुरुस्ती कागदावर दोन ओळींची होती: जुना नियम काढा, दुधाचा प्रकार धरून नवा नियम घाला. पण काढायचा तर त्याला नावानं हाक मारावी लागते. ‘या तीन कॉलमांवरचा नियम काढ’ असं सांगता येत नाही. ऑफिसातल्या डेटाबेसवर जे नाव दिसत होतं ते जगात फक्त त्या एका डेटाबेसमध्ये होतं. इचलकरंजीजवळच्या संस्थेत वेगळं, शेजारच्या गावात आणखी वेगळं. नियम सगळीकडे तोच, टेबल तेच, आणि तरी एकही स्क्रिप्ट सगळीकडे चालेना.

मग जे करायचं असतं ते केलं. एसक्यूएल सर्व्हर स्वतःच्या रचनेची माहिती सिस्टिम कॅटलॉगमध्ये ठेवतो. तिथे विचारायचं की या टेबलावर असा कोणता युनिक नियम आहे ज्यात नेमके हेच कॉलम आहेत, मिळालेलं नाव एका व्हेरिएबलमध्ये धरायचं, त्यातून काढून टाकायची आज्ञा जोडून तयार करायची आणि मग ती चालवायची. दोन ओळींच्या जागी पानभर मजकूर. त्यातही काही ठिकाणी सपोर्टच्या पोरांनी संस्थेचं काम थांबू नये म्हणून जागेवरच नियम काढून त्याऐवजी युनिक इंडेक्स घातला होता. वागणूक तीच, पण कॅटलॉगमध्ये त्याची नोंद वेगळ्या खात्यात. म्हणजे तेही शोधा. त्या पोरांना मी दोष देत नाही. पहाटे पाचला दारात किटल्यांची रांग लागलेली असताना नावांचा विचार कोण करणार?

त्याच कॅटलॉगमध्ये एक कॉलम आहे, इज_सिस्टिम_नेम्ड. हे नाव माणसानं ठेवलं की यंत्रानं, एवढंच तो सांगतो. एका संस्थेचा बॅकअप मागवून ती यादी काढली तेव्हा अंदाज आला. सर्वांत जास्त अनाम मंडळी डिफॉल्टची होती. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलमला दिलेली डिफॉल्ट किंमत हासुद्धा कन्स्ट्रेंटच असतो आणि त्यालाही नाव असतं. कॉलम काढून टाकायला जा, की सर्व्हर म्हणतो आधी तो डिफॉल्ट काढ. डिफॉल्टचं नाव? पुन्हा शेपटी. आम्ही ती सगळी नावं एकदाच बदलून घेतली. एसपी_रीनेम ही सोय त्यासाठीच आहे, आणि नवं नाव टेबल व कॉलम यांवरून बसवायचं असल्यामुळे ते सगळीकडे सारखंच आलं. ते एक काम केल्यावर पुढची मायग्रेशनं पुन्हा दोन-दोन ओळींची झाली.

बाकीच्या डेटाबेसांच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. ओरॅकल एसवायएस_सी आणि पुढे आकडा असं नाव पाडतं. त्यावरून कशाचा नियम आहे याचा काहीच पत्ता लागत नाही. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीला टेबलचं नाव, मग आयबीएफके आणि अनुक्रमांक मिळतो. तो अनुक्रम कशावर ठरतो? नियम कोणत्या क्रमानं घातले त्यावर. जिथे मधला एखादा काढून पुन्हा घातला असेल तिथे क्रमांक सरकलेला. पोस्टग्रेस त्यातल्या त्यात शहाणं. टेबल, कॉलम आणि शेवटी कशाचा नियम आहे त्याची खूण, असं वाचता येणारं आणि बहुतेक वेळा आधीच ओळखता येणारं नाव ते देतं.

नव्या उत्पादनासाठी आम्ही पोस्टग्रेसवर गेलो. सोबत पायथॉन, एसक्यूएल-अल्केमी आणि मायग्रेशनसाठी अलेम्बिक. एसक्यूएल-अल्केमीत नावांचे साचे एकदाच सांगून ठेवता येतात: प्रायमरी की, फॉरेन की, युनिक, चेक आणि इंडेक्स, पाच प्रकारांना पाच साचे. पहिल्याच बैठकीत साचे ठरले आणि मला वाटलं विषय संपला. विषय तिथे सुरू झाला.

डॉक्युमेंटेशनमधला नेहमीचा साचा युनिक नियमाच्या नावात फक्त पहिल्या कॉलमचं नाव घालतो. आमच्या जवळजवळ प्रत्येक नियमाचा पहिला कॉलम संस्थेचा आयडी असतो, कारण एकाच डेटाबेसमध्ये आता अनेक संस्था नांदतात. मग एका टेबलावर दोन युनिक नियम आले की दोघांचं नाव एकच. सगळे कॉलम नावात घेण्याची खूण एसक्यूएल-अल्केमीच्या १.३ आवृत्तीपासून आहे, ती वापरली. तर नावं लांबली.

पोस्टग्रेसमध्ये कोणतंही नाव ६३ बाइटांत बसावं लागतं. जास्त झालं तर ते अडत नाही. एक सूचना छापतं आणि उरलेली शेपूट कापून टाकतं. मायग्रेशन चालवताना शेकडो ओळी सरकत असतात, त्यात ती सूचना कोण वाचतो? यामुळे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे फाइलमधलं नाव आणि डेटाबेसमधलं नाव यांत फरक पडतो. दुसरं म्हणजे दोन लांब नावांची पहिली ६३ अक्षरं सारखी असतील तर दुसरं नाव ‘आधीच आहे’ म्हणून नाकारलं जातं, आणि फाइलमध्ये बघावं तर दोन्ही नावं वेगळी दिसतात. एसक्यूएल सर्व्हरला १२८ अक्षरं चालतात. त्यामुळे जुनं उत्पादन हाताळलेल्या लोकांना ऐसपैस नावांची सवय होती. टीममधल्या एकानं हौसेनं विचारलं, देवनागरीत ठेवली तर? ठेवता येतात. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा. ६३ बाइटांत २१ चिन्हं. ‘दूध_संकलन_नोंद’ एवढ्यातच ३८ बाइट संपतात आणि नियमाचं नाव दाराबाहेरच राहतं.

शेवटी आम्ही दोन गोष्टी केल्या. प्रकाराची खूण नावाच्या सुरुवातीला आणली, म्हणजे कापलं गेलं तरी प्रायमरी की (पीके) आहे की फॉरेन की (एफके) हे शाबूत राहतं. आणि प्रत्येक टेबलला एक ठरलेलं लघुरूप दिलं. लघुरूपांची यादी रिपॉझिटरीतच ठेवली. त्या यादीवरून झालेले वाद सांगत बसत नाही.

चेक कन्स्ट्रेंटची गोष्ट मात्र वेगळी आणि मला सर्वांत जवळची. युनिक किंवा फॉरेन की कॉलमांवरून ओळखता येते, म्हणून तिचं नाव साच्यातून निघू शकतं. चेक म्हणजे एक विधान असतं, आणि विधानाचं नाव कॉलमवरून निघत नाही. एसक्यूएल-अल्केमीचा नेहमीचा साचा इथे माणसाकडूनच नाव मागतो. नाही दिलं तर एरर देऊन थांबतो. मला ही सक्ती आवडते.

आमच्याकडे फॅटवर एक चेक होता, फॅट शून्य ते दहाच्या आत असावं असा. मशीनवर टाइप करताना ६.५ चं ६५ झालं तर ते अडावं एवढाच हेतू. लिहिणाऱ्यानं नाव दिलं होतं ‘सीके_दूधनोंद_फॅट_१०’. नाव होतं, साच्यात होतं, रिव्ह्यूत कुणी अडवलं नाही. पण म्हैस आटत आली की तिच्या दुधाचं फॅट चढतं, आणि काही म्हशी दहाच्या वर जातात. संस्थांकडून तक्रारी आल्यावर मर्यादा पंधरावर नेली. नियम बदलला, नाव तसंच राहिलं. आता पंधराची मर्यादा सांभाळणाऱ्या नियमाच्या नावात दहा. पुढच्या माणसानं लॉगमध्ये ते नाव वाचलं तर तो कुठे बघेल? तेव्हापासून आमचा संकेत असा: नावात नियमाचा हेतू लिहायचा, आकडा नाही. ‘फॅट_मर्यादा’ पुरे. मर्यादा किती, हे नियमाच्या आत बघावं.

नावांचा खरा उपयोग सपोर्टच्या लोकांना पटला तो एररमुळे. नियम मोडला की पोस्टग्रेस एक कोड देतं, दुबार नोंदीला २३५०५, आणि त्याच्यासोबत मोडलेल्या कन्स्ट्रेंटचं नाव वेगळ्या खान्यात देतं. इंग्रजी वाक्य चाळत बसावं लागत नाही. आमच्या कोडमध्ये एक साधा तक्ता आहे: डावीकडे कन्स्ट्रेंटचं नाव, उजवीकडे सचिवांना दिसणारं मराठी वाक्य. ‘या सभासदाचं आज सकाळचं म्हशीचं दूध आधीच नोंदलं आहे.’ नोंद घालण्याआधी शोधून बघितलं तर नाही का भागणार, असं नवे लोक विचारतात. मोठ्या संस्थेत दोन काट्यांवर एकाच क्षणी एकच सभासद क्रमांक टाकला जातो. दोघंही शोधतात, दोघांनाही काही सापडत नाही, दोघंही नोंदवतात. खात्रीनं अडवतो तो कन्स्ट्रेंटच. आणि त्यानं अडवल्यावर काय झालं ते माणसाच्या भाषेत सांगायचं तर त्याला कायमचं नाव हवं.

पण इथे नाव म्हणजे करार होऊन बसतो. कन्स्ट्रेंटचं नाव बदललं आणि तक्त्यात बदललं नाही, की सचिवांच्या पडद्यावर पुन्हा इंग्रजी. म्हणून नाव बदलायचं असेल तेव्हा एका आवृत्तीपुरती तक्त्यात जुनी-नवी दोन्ही नावं ठेवतो, सगळीकडे मायग्रेशन पोचलं की जुनं काढतो. हा व्याप बघूनच आम्ही ठरवलं की केवळ दिसायला बरं म्हणून नावं बदलायची नाहीत. पोस्टग्रेसमध्ये टेबलचं नाव बदललं तरी त्याच्या इंडेक्सांची आणि कन्स्ट्रेंटची नावं आपोआप बदलत नाहीत. आमचं ‘उत्पादक’ टेबल पुढे ‘सभासद’ झालं. त्याची प्रायमरी की अजून उत्पादकाच्या नावानं आहे. ती कुणाला नडत नाही. फॉरेन की मात्र बदलून घेतल्या, कारण त्या एररमध्ये दिसतात आणि गोंधळ करतात.

आणि नावावर नको तितकी भिस्त ठेवली तर काय होतं, तेही बघितलंय. बिलाचा रिपोर्ट मंद होता म्हणून एक इंडेक्स घालायचा होता. चालू कामात अडथळा नको म्हणून तो कन्करंटली बांधायला लावला. एका सर्व्हरवर बांधकाम मध्येच तुटलं. अशा वेळी पोस्टग्रेस अर्धवट इंडेक्स मागे ठेवतं आणि त्यावर अवैध अशी खूण करतं. मायग्रेशन पुन्हा चालवलं. त्यात ‘नसेल तरच घाल’ अशी अट होती. पोस्टग्रेसनं नाव बघितलं, नाव होतं, म्हणून पुढे गेलं. मायग्रेशन यशस्वी, हिरवी टिक. रिपोर्ट मात्र तितकाच मंद, कारण अवैध इंडेक्स शोधाला वापरला जात नाही. वर प्रत्येक नव्या नोंदीला त्याचा भार सोसावा लागतो तो वेगळाच. ‘नसेल तरच’ ही अट फक्त नाव तपासते. आत काय आहे, पुरतं आहे का, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आता असं मायग्रेशन झालं की वैधतेची खूण वेगळी तपासतो, आणि अर्धवट इंडेक्स सापडला तर आधी काढून मगच नवा बांधतो.

मध्यंतरी टीममध्ये नवीन आलेल्या मुलीनं रिव्ह्यूत विचारलं, ‘‘मॅम, साचा आहे, फ्रेमवर्क नाव काढतंच. मग मायग्रेशनच्या फाइलमध्ये पूर्ण नाव हातानं कशाला लिहायचं? तिथेही काढू दे की.’’ प्रश्न योग्य होता. मायग्रेशनची फाइल म्हणजे इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वीची फाइल जुन्या सर्व्हरवर दोन वर्षांपूर्वी चालली. नव्या सर्व्हरवर डेटाबेस उभा करताना तीच फाइल आज चालणार. नाव त्या त्या वेळी काढलं जात असेल आणि मधल्या काळात आपण साचा बदलला असेल, तर जुन्या सर्व्हरवर एक नाव, नव्या सर्व्हरवर दुसरं. साचा आपणच बदलला पाहिजे असंही नाही. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या ७.१ आवृत्तीत लांब इंडेक्सांची नावं आखूड करून शेवटी हॅश लावण्याचा नवा नियम आला. फ्रेमवर्क सुधारतात आणि सुधारायलाच हवीत, पण आपल्या जुन्या फाइलींचा अर्थ त्यांच्याबरोबर सरकू नये. म्हणून साचा वापरायचा तो मायग्रेशन लिहिताना. निघालेलं नाव फाइलमध्ये अक्षरशः उतरवायचं. अलेम्बिक स्वतः फाइल तयार करून देतं तेव्हा हेच करतं. नावाभोवती ‘एफ’ नावाचं एक फंक्शन दिसतं, त्याचा अर्थ एवढाच की हे नाव पूर्ण आहे, यावर पुन्हा साचा चालवू नको. ते विसरलं की सीके_दूधनोंद_सीके_दूधनोंद असा दुहेरी प्रकार होतो.

तिला हे तोंडी सांगून भागलं असतं, पण तोंडी सांगितलेलं पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही. म्हणून आम्ही एक तपासणी बसवली आहे. प्रत्येक मायग्रेशन मुख्य शाखेत जाण्याआधी दोन डेटाबेस तयार होतात: एक पहिल्या फाइलपासून कोरा उभा केलेला, दुसरा जुन्या रचनेवर फक्त नवी फाइल चालवलेला. दोन्हींच्या कॅटलॉगमधून इंडेक्स आणि कन्स्ट्रेंट यांची नावं काढून यादी जुळवायची. एक नाव जरी वेगळं निघालं तरी मायग्रेशन अडतं. सोबत ६३ बाइटांची मोजणीही होते. या तपासणीनं पहिलं अडवलेलं मायग्रेशन टीममधल्या सर्वांत अनुभवी माणसाचं होतं, आणि नाव त्यानं लिहायचं टाळलं होतं कारण, त्याच्या शब्दांत, ‘‘हा एवढासा इंडेक्स कोण कधी काढणार आहे?’’ मुलीनं रिव्ह्यूत उत्तर दिलं, ‘‘सर, मीच. पुढच्या महिन्यात.’’ तो इंडेक्स तात्पुरता आहे, हे त्याच्याच टिकेटमध्ये लिहिलेलं होतं.